तीन बटणांचा माकडमाणूस

मे २००१. पूर्व दिल्ली. वीज गेलेली, खोलीत जीव घुसमटतोय, म्हणून घरची सगळी माणसं गच्चीवर अंथरूण टाकून झोपलीत. गच्चीला गच्ची लागून. मध्यरात्री पलीकडून किंकाळी येते, "आया, आया!" लोक ताडकन उठतात. कठड्यावर काळं काहीतरी हलतं आणि दिसेनासं होतं. दोन-तीन सेकंद, बस.

पोलिसांकडे मात्र भरभरून वर्णनं येत होती. चार फूट उंच. नाही, आठ फूट. अंगभर काळे केस, डोक्यावर हेल्मेट, धातूची नखं, लालभडक डोळे, छातीवर तीन बटणं. 'काला बंदर', कुणी म्हणे 'मंकी मॅन'. त्या दिवसांत सुमारे ३५० जणांनी तो पाहिल्याचं सांगितलं. पकडून देणाऱ्याला ५० हजारांचं बक्षीस लागलं.

ही माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. त्यांच्या अंगावरचे ओरखडे खरे होते, भीती तर त्याहून खरी होती. पण ते लाल डोळेच घ्या. मिणमिणत्या उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थंडावतात, आणि लाल रंग तर सगळ्यात आधी काळवंडतो. मग डोळे चमकले कसे? मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला एक चकाकता थर असतो. बॅटरीचा झोत पडला की ते पेटल्यासारखे दिसतात. माकडाच्या डोळ्यांत हा थर नसतोच. उंचीचंही तसंच. अंधारात अंतराचा अंदाज चुकला की कठड्यावरचं मांजरसुद्धा लांब उभ्या असलेल्या माणसाएवढं वाटू शकतं.

बाकीचं काम प्रश्न करतो. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या जोरात आदळल्या तेव्हा किती? आठवड्यानंतर नवा प्रश्न आला: फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

आता दिल्लीच्या गल्लीत या. "हेल्मेट होतं का हो त्याच्या डोक्यावर?" हा प्रश्न शेजारी विचारतो, बातमीदार विचारतो. त्यातच पोलिसांनी रेखाचित्रं प्रसिद्ध केली. हेतू चांगला होता, पण माझ्या मते घात इथेच झाला. चित्र घरोघरी पोचल्यावर पुढच्या साक्षीदाराने रात्री काय पाहिलं आणि सकाळच्या पेपरात काय पाहिलं, हे वेगळं करायचं कसं? त्याचं त्यालाही ते सांगता आलं नसतं.

गल्ल्यांतून लाठ्या घेऊन पहारे सुरू झाले. चार फूट उंचीच्या एका साधूला लोकांनी बेदम मारलं. वर्णनाशी जुळली ती फक्त त्याची उंची.

तपासात असा कुठलाही प्राणी सापडला नाही. एक गरोदर बाई गोंगाट ऐकून घाईने खाली धावली आणि जिन्यावरून कोसळून दगावली. गच्चीवरून उडी मारून जीव गमावलेलेही होते. अंधारात कुणीतरी एवढंच ओरडलं होतं, की तो आलाय.