लिबलिबीत पानाला पाणी नको असतं
(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चहा घेताना एका काकूंनी पिशवीतून एक पान काढून दाखवलं. स्नेक प्लांटचं, म्हणजे तलवारीसारखी उभी पानं असणाऱ्या कुंडीतल्या शोभेच्या झाडाचं. बुडाशी पिवळं, पाणचट, दाबलं की बोट आत जातंय. "रोज न चुकता पाणी घालते हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, रोगाचं निदान तुम्हीच केलंत!

मटकीला मोड कसे आणता? रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची. पाण्यातच राहिली तर? फेस, आंबूस वास, दाणे बुळबुळीत. मटकीला ओल हवी तशी हवाही हवी. मुळांचंही तेच. मूळ श्वास घेतं, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असतो. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं. मग पिथियमसारखे बुरशीसदृश जीव त्यावर चढतात. त्यांचे बीजाणू ओल्या मातीत चक्क पोहत जातात. कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं? वर पानं मलूल पडतात, आणि आपण "सुकलं बिचारं" म्हणून आणखी एक तांब्या ओततो.

तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, टोकाकडून कुरकुरीत वाळतं. कुजणारं पान बुडापासून मऊ पडतं. शंका आली तर मातीत दोन पेरं बोट घाला, नाहीतर सरळ कुंडी उचलून बघा. ओली कुंडी जड लागते, त्याला यंत्र लागत नाही.

मी स्वतः हा धडा एका भेट आलेल्या चिनी मातीच्या देखण्या कुंडीकडून शिकले. खाली भोकच नव्हतं. दोन महिने मी घोट-घोट पाणी घालत होते, आपण किती जपून घालतो म्हणून खूशही होते. एक दिवस धूळ पुसायला पान धरलं तर ते हातातच आलं, आणि कुजक्या बटाट्याचा वास घरभर. तळाशी तीन बोटं काळं पाणी.

अशा वेळी रोप कुंडीतून बाहेर काढा. भीड बाळगू नका. माती झाडून मुळं पाहा. चांगलं मूळ टणक असतं. कुजक्याची साल चिमटीत धरून ओढली तर निसटते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी सगळी मुळं स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापा. गड्डा, म्हणजे मातीखालचं जाड खोड, मऊ लागला तर आतला टणक, स्वच्छ भाग दिसेपर्यंत कापत जा. मग दोन-तीन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर तसंच पडू द्या. हळद लावावी का, हे मला हमखास विचारतात. लावा, बिघडत नाही. पण खरं औषध म्हणजे काप कोरडा होणं. नंतर आधीपेक्षा लहान कुंडीत, नव्या मातीत लावा आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढू नका. मऊ झालेलं पान मात्र पुन्हा टणक होत नाही, ते काढूनच टाका.

माती कोणती? नुसती लाल माती नको, वाळली की ती विटेसारखी घट्ट बसते. निम्मी माती, उरलेल्यात जाड वाळू आणि विटांचा चुरा, थोडं गांडूळखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, म्हणून स्नेक प्लांट, कोरफड, जेड यांना बेतानेच. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. तळाशी खडीचा थर देऊन निचरा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. बारीक माती गच्च भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. उलट ओला पट्टा वर, मुळांजवळ सरकतो.

आणि आपली पुण्याची हवा! एप्रिलमध्ये जी कुंडी चार दिवसांत सुकते, तीच जुलैच्या रिपरिपीत, ऊन दिसत नसताना, पंधरा-पंधरा दिवस ओली राहते. आपला तांब्या मात्र वर्षभर ठरल्या वारी फिरतो. स्नेक प्लांट मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडणारा, त्यामुळे पाणी फार कमी गमावणारा. त्याला पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी चालतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कुंडी उघड्या खिडकीतून आत घ्या. गारठ्यानेही पानं मऊ पडतात. पाणी द्याल तेव्हा मातीत द्या, पानांच्या पोंग्यात नको, आणि अर्ध्या तासाने बशी ओतून टाका.

आता काकू, तुमच्या पानाला पिवळी किनार आहे. पानाचे तुकडे लावून रोप होतं, महिने लागतात, पण त्यातून येणारं रोप हिरवंच निघतं, किनार परत येत नाही. ती गड्डा विभागूनच टिकते. म्हणून घरी गेल्यावर पान कापायची घाई करू नका. आधी कुंडी उलटी करा आणि गड्ड्याचा एखादा टणक तुकडा शिल्लक आहे का ते बघा.