जस्ताच्या पकडीतले जनुक

परीक्षानळीत मोरचुदाचे फिकट निळे द्रावण आहे. त्यात पॉलिएथिलीनइमाइनचे चार थेंब पडताच ते गडद निळे होते, कारण या पॉलिमरच्या साखळीतील नायट्रोजनचे अणू तांब्याच्या आयनांना धरून ठेवतात. हाच पॉलिमर वापरून १९९५ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या झां-पॉल बेअर यांच्या गटाने, विषाणूची मदत न घेता, पेशींमध्ये जनुके पोहोचवून दाखवली.

डीएनएच्या कण्यातील प्रत्येक फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. पाच हजार आधारजोड्यांच्या प्लास्मिडवर, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, असे सुमारे दहा हजार प्रभार येतात. पेशीचा पृष्ठभागही ऋणप्रभारितच असल्याने नुसत्या डीएनएला आत शिरकाव मिळत नाही. पॉलिमरची धनप्रभारित साखळी त्याला आवळून साधारण शंभर नॅनोमीटरचा कण बनवते आणि पेशी तो कण गिळते. मात्र हाच धन प्रभार पेशीपटलालाही इजा करतो, आणि मात्रा वाढली की ज्या पेशींना जनुक द्यायचे त्याच मरू लागतात.

या अडचणीतून जस्ताच्या आधाराने काढलेली वाट मला विलक्षण देखणी वाटते. साखळीवर डायपिकोलिलअमाइन हा गट जोडतात. त्याचे तीन नायट्रोजन जस्ताच्या आयनाला धरतात, तरी आयनाभोवती जागा शिल्लक राहते, आणि तेथे डीएनएच्या फॉस्फेटमधील ऑक्सिजन येऊन बसतो. येथे भिस्त केवळ प्रभारावर नसते, तर जस्त आणि फॉस्फेट यांच्या रासायनिक जवळिकीवर असते. म्हणून साखळीवरील धन प्रभार कमी ठेवता येतो. पेशीपटलातील मेदरेणूंमध्येही फॉस्फेट असल्याने कणाला पटलाशी सलगी करणे सोपे जाते.

आत गेल्यावर पकड सुटणेही तितकेच गरजेचे आहे, नाहीतर जनुक गाठोड्यातच पडून राहील. पेशीत मुबलक असलेल्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूमध्ये ओळीने तीन फॉस्फेट असतात आणि तेही जस्तावरच्या त्याच जागेसाठी डीएनएशी स्पर्धा करतात. प्रयोग साधला, तर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली, आत पोहोचवलेल्या, हिरवे चमकणारे प्रथिन बनवणाऱ्या जेलीफिशच्या जनुकामुळे, काळ्या पार्श्वभूमीवर एकेक पेशी हिरवी उजळलेली दिसते.

काचेच्या बशीतले हे यश शरीरात टिकवणे मात्र फार कठीण आहे, कारण रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन स्वतःच जस्ताचे मुख्य वाहक असून पॉलिमरवरचे जस्त ते वाटेतच काढून घेऊ शकते.