शहर वाढलं, पोलिसांचे तास पुरेनात: वाहतूक सुरक्षेचं अनुदान नक्की कशासाठी?

नमस्कार मंडळी.

7 नोव्हेंबर 2000. टेक्सासच्या रस्त्यांवर एकही माणूस मेला नाही, असा हा शेवटचा दिवस. त्यानंतर आजपर्यंत रोज कुणी ना कुणी अपघातात गेलेलं आहे. पंचवीस वर्षं उलटली, पण तसा एकही दिवस पुन्हा आलेला नाही. हे राज्याचं वाहतूक खातं, म्हणजे टेक्सडॉट, स्वतः सांगतं. गेली काही वर्षं इथे दरवर्षी चार हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरतायत.

तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात बसून हे ऐकत असाल, तर आपलाही आकडा समोर ठेवू. 2022 मध्ये महाराष्ट्रात 15,224 माणसं रस्ते अपघातांत गेली. आपली लोकसंख्या टेक्सासच्या चौपट आहे. म्हणजे माणशी हिशेब केला तर दोन्ही राज्यं एकमेकांच्या फार जवळ आहेत. चकाचक रस्ते, आठ लेनचे हायवे, प्रत्येकाकडे चारचाकी, आणि तरीही हे असं.

आज मी बोलणार आहे एका कागदाबद्दल. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, मकिनी, प्लेनो ही शहरं आहेत. आपली मराठी मंडळी इथे हजारोंनी राहतात. अशा शहरांच्या कौन्सिलपुढे, म्हणजे निवडून आलेल्या नगरसभेपुढे, एक ठराव येतो, की पोलीस खात्याला राज्याकडे वाहतूक सुरक्षेच्या अनुदानासाठी अर्ज करायची परवानगी द्यावी. बहुतेक वेळा हा ठराव 'कन्सेंट अजेंडा'वर असतो, म्हणजे चर्चा न होता इतर दहा विषयांबरोबर एका फटक्यात मंजूर. मला हे खटकतं, कारण त्या अर्जात शहरातली माणसं कुठे आणि कशामुळे मरतात ते लिहिलेलं असतं.

[स्क्रीनवर: फ्रिस्कोची लोकसंख्या. 2000: 33,714. 2010: 1,16,989. 2020: 2,00,509]

हे फ्रिस्कोचे जनगणनेचे आकडे. 1990 मध्ये तिथे सहा हजारांच्या आसपास माणसं होती. तीस वर्षांत गावाचं दोन लाखांचं शहर झालं. गाव होतं तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि शेतमाल बाजाराला न्यायचे दोन लेनचे रस्ते होते. त्यांना इथे आजही 'फार्म टू मार्केट रोड' म्हणतात, नकाशावर एफएम 423 वगैरे दिसतात ते. शेतं गेली, घरं आली, शाळा आल्या, मॉल आले, आणि तेच रस्ते चार-सहा लेनचे झाले. रुंद, सरळ, लांबवर मोकळे दिसणारे. अशा रस्त्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो.

त्यात आणखी एक गोष्ट. यातले बरेच मोठे रस्ते शहराचे नाहीतच. प्रेस्टन रोड हा स्टेट हायवे 289 आहे आणि उत्तरेकडचा 380 हा यूएस हायवे. दोन्ही राज्याच्या ताब्यात. वेगमर्यादा बदलायची किंवा दुभाजक घालायचा, तर शहराला राज्याच्या दारात उभं राहावं लागतं. अपघात झाल्यावर मात्र पोहोचतात ते शहराचेच पोलीस.

आता लोक विचारतात, इतकं श्रीमंत शहर, मोठमोठ्या कंपन्या, वर्षाला हजारो डॉलर प्रॉपर्टी टॅक्स, मग पोलिसांना अनुदान मागायची वेळ का यावी?

याचं उत्तर पोलिसांच्या तासांमध्ये आहे. वाढत्या शहरात पोलिसाचा दिवस 911 च्या, म्हणजे तातडीच्या मदतीच्या, फोनमागे धावण्यात जातो. घरफोडीचा अलार्म, भांडण, हरवलेलं मूल, किरकोळ धडक. एका चौकात उभं राहून सिग्नल कोण तोडतंय ते पाहायला वेळ उरत नाही. नवे पोलीस भरायचे तर भरती, अकादमी, मग अनुभवी पोलिसाबरोबर रस्त्यावरचं प्रशिक्षण, यात वर्षाच्या आसपास सहज जातं. माणसं राहायला येतात त्या वेगानं पोलीस तयार होत नाहीत.

आणि टेक्सासमध्ये कॅमेरा हा पर्याय जवळपास नाहीच. हे आपल्याकडच्या प्रेक्षकांना नवल वाटेल. पुण्यात-मुंबईत सिग्नलवरचा कॅमेरा फोटो काढतो आणि ई-चलान मोबाईलवर येतं. टेक्सासनं 2019 मध्ये कायदा करून रेड लाइट कॅमेऱ्यांवर बंदी घातली. वेग मोजून परस्पर दंड करणाऱ्या कॅमेऱ्यांवर शहरांना त्याआधीपासूनच बंदी होती. त्यामुळे इथे नियम पाळून घ्यायचा, तर रस्त्यावर हाडामांसाचा पोलीस उभा असावा लागतो आणि त्याच्या प्रत्येक तासाला पैसे लागतात.

टेक्सडॉटच्या ज्या अनुदानाबद्दल आपण बोलतोय, त्याचं नाव 'स्टेप'. सिलेक्टिव्ह ट्रॅफिक एन्फोर्समेंट प्रोग्रॅम. यातून मुख्यतः ओव्हरटाइमचे पैसे मिळतात. नेहमीची ड्यूटी संपल्यावर पोलीस जादा चार तास थांबतो आणि ते चार तास फक्त वाहतुकीला देतो. त्या वेळात तो बाकीच्या कॉलवर जात नाही.

पैसा कुठून येतो? 1966 साली अमेरिकेनं हायवे सेफ्टी ॲक्ट केला. सही करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासचेच. या कायद्यातल्या कलम 402 खाली केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक राज्याला वाहतूक सुरक्षेसाठी निधी देतं. वाटपाचं सूत्र ठरलेलं आहे: 75 टक्के वजन लोकसंख्येला, 25 टक्के रस्त्यांच्या लांबीला. राज्याला मिळालेल्या रकमेतला किमान 40 टक्के वाटा शहरं आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) यांसारख्या स्थानिक संस्थांच्या कामी लागलाच पाहिजे, अशीही अट आहे. हा निधी येतो हायवे ट्रस्ट फंडातून आणि त्या फंडाचा मोठा आधार म्हणजे इंधनावरचा कर. पंपावर गॅस, म्हणजे पेट्रोल, भरताना प्रत्येक गॅलनमागे 18.4 सेंट केंद्राकडे जातात. 1993 पासून हा दर वाढलेला नाही. तेव्हा शहर अनुदान मागतं, ते तुम्ही पंपावर भरलेल्याच पैशातलं.

आता त्या अर्जाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात मोलाचं ते आहे.

'आमच्या शहरात ट्रॅफिक फार वाढलंय, पैसे द्या' एवढ्यावर भागत नाही. कोणत्या रस्त्याचा कोणता तुकडा, कोणत्या वारी, किती ते किती वाजता, आणि अपघाताचं कारण काय, हे दाखवावं लागतं. टेक्सासमध्ये पोलीस प्रत्येक मोठ्या अपघाताचा सीआर-3 नावाचा फॉर्म भरतात आणि तो 'क्रिस' नावाच्या राज्याच्या नोंदप्रणालीत जातो. त्यातून वेगाचे अपघात, दारूचे, सीटबेल्ट न लावलेल्यांचे, चौकातले आणि फोनमध्ये डोकं घातलेल्यांचे वेगळे काढता येतात. स्टेपखालची कामंही साधारण याच प्रकारांत विभागलेली आहेत. दारूच्या अपघातांसाठी पैसे मागितले आणि गस्त घातली मंगळवारी सकाळी दहाला, तर ते चालणार नाही. शुक्रवार-शनिवारची मध्यरात्र कागदावर यावी लागते.

देशाचे आकडे बघा. 2023 मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे 41 हजार माणसं गेली. त्यांतली 12,429 दारू पिऊन गाडी चालवण्याशी संबंधित आणि 11,775 अतिवेगाशी. काही मृत्यू दोन्हीकडे मोजले जातात, हे धरूनही ही दोन कारणं फार मोठी आहेत.

वेगाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण 'पाच-दहानं काय होतं' हे वाक्य मी आपल्या लोकांच्या तोंडून फार ऐकते. वाहतूक सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या इथल्या एएए फाउंडेशनचा 2011 चा अभ्यास आहे. गाडी ताशी 23 मैलांनी, म्हणजे साधारण 37 किलोमीटरनं माणसाला धडकली, तर तो मरण्याची शक्यता 10 टक्के. 42 मैलांनी, म्हणजे 68 किलोमीटरनं धडकली, तर 50 टक्के. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला आणि मरणाची शक्यता पाचपट झाली. म्हणून शाळेजवळ थांबवून 'मॅडम, लिमिट वीसची आहे' म्हणणाऱ्या पोलिसावर चिडू नका, कळकळीनं सांगते.

पण या अनुदानाच्या मर्यादाही आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

एक तर हा पैसा आगाऊ मिळत नाही. शहर आधी खर्च करतं, तासांच्या नोंदी आणि पगाराची कागदपत्रं जोडतं, मग राज्य परतफेड करतं. शहरालाही आपला वाटा घालावा लागतो. छोट्या खात्यात हे कागद सांभाळायला वेगळा माणूस नसतो. म्हणून गरज असलेली कितीतरी गावं अर्जच करत नाहीत. शिवाय या पैशानं नेहमीचं बजेट भरून काढता येत नाही. आधी जे होत होतं, त्यावर जादा काहीतरी व्हावं लागतं.

दुसरं म्हणजे पोलिसाची गाडी दिसते तोवर वेग उतरतो, ती गेली की काही दिवसांत परत चढतो. म्हणून मोहिमेबरोबर गाजावाजा लागतो. 'क्लिक इट ऑर टिकेट' ही सीटबेल्टची मोहीम टेक्सासमध्ये 2002 साली आली. तेव्हा पुढच्या सीटवरची 76 टक्के माणसं बेल्ट लावत होती, आता हे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास आहे. जाहिरात, ठरलेले दिवस आणि रस्त्यावर खरोखर दिसणारा पोलीस, तिन्ही एकत्र आल्यावर हे घडलं आणि त्याला वर्षानुवर्षं लागली.

तिसरी गोष्ट जड आहे. पोलिसानं गाडी थांबवणं सगळ्यांसाठी सारखं नसतं. जुलै 2015 मध्ये याच टेक्सासमध्ये, वॉलर काउंटीत, सँड्रा ब्लँड या कृष्णवर्णीय तरुणीला लेन बदलताना इंडिकेटर न दिल्याबद्दल थांबवलं. वाद वाढला, अटक झाली आणि तीन दिवसांनी ती तुरुंगात मृतावस्थेत सापडली. 2017 मध्ये तिच्या नावानं राज्यात कायदा झाला आणि गाड्या थांबवण्याच्या नोंदी आणखी तपशिलात ठेवणं पोलिसांवर बंधनकारक झालं. अनुदानाचे तास वाढले की गाड्या थांबवणंही वाढतं. म्हणून दरवर्षी कौन्सिलपुढे येणाऱ्या या नोंदीही अनुदानाबरोबर वाचल्या जाव्यात, असं मला वाटतं. चलानांचा कोटा ठरवून देणं टेक्सासच्या कायद्यानुसार बेकायदा आहे, हेही माहीत असू द्या.

आणि शेवटी रस्ता. सहा लेनचा सरळ रस्ता माणसाला पळायला सांगतो आणि एक पोलीस चार तास त्याला 'हळू' म्हणतो. रस्ता मात्र चोवीस तास बोलत असतो. त्यासाठी वेगळा पैसा आहे: 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातली 'सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल' योजना, 2022 ते 2026 या पाच वर्षांसाठी 5 अब्ज डॉलर. त्यातून शहरं चौकाची रचना, पादचाऱ्यांचे रस्ते, दिवे यांवर काम करू शकतात. पोलिसांच्या अर्जात जी ठिकाणं येतात, तीच रस्त्याच्या अर्जातही यायला हवीत. दोन खात्यांची यादी वेगवेगळी असेल, तर कौन्सिलमध्ये जाऊन विचारा. काही मिनिटं बोलायला मिळतात आणि मोडकंतोडकं इंग्रजीही चालतं.

आता महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी. आपल्याकडे शहराचे पोलीस शहराचे नसतात, ते राज्याच्या गृह खात्याचे. रस्ता कधी महापालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकामचा, कधी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. पुण्याचा नवले पूल घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो लांब उतार, इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारे ट्रकवाले, आणि खाली शहराची गर्दी. नोव्हेंबर 2022 मध्ये एकाच ट्रकनं तिथे वीसहून जास्त गाड्या चेपल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा भीषण अपघात झाला, माणसं होरपळून गेली. तिथे वेगमर्यादा उतरवली, कॅमेरे लावले, रम्बलर, म्हणजे गाडी खडखडवणारे पट्टे, घातले. पण जागा, कारण, पोलिसांचे तास आणि पैसा यांचा हिशेब एकाच अर्जात मांडून त्यासाठी एका खात्याला जबाबदार धरायची टेक्सासच्या स्टेपसारखी सोय आपल्याकडे नाही.

माहिती नाही, असंही नाही. आयआयटी मद्रास आणि केंद्र सरकारची संगणक संस्था एनआयसी यांनी बनवलेली आयरॅड ही अपघात नोंदणीची प्रणाली सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आली, त्यात महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरूनच मोबाईलवर नोंद करतात. ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्याही ठरलेली आहे: राष्ट्रीय महामार्गाच्या 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. आणि नेटानं काम केलं की फरक पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं मेली. सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था, एमएसआरडीसी हे राज्याचं रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून एकेक जागा शोधली, कठडे नीट केले, बंद पडून उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा बंदोबस्त केला, गस्त त्या जागांवर आणली. पुढच्या काही वर्षांत तो आकडा निम्म्याहून खाली आला.

तुमच्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या मागच्या दोन बैठकांचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. ते हातात आलं की बघा, ब्लॅक स्पॉटच्या यादीपुढे कोणत्या खात्याचं नाव लिहिलंय, किती रक्कम लिहिलीय आणि काम पूर्ण करायची तारीख लिहिलीय का. तारखेचा रकाना रिकामा असेल, तर पुढचा अर्ज त्या खात्याला करा.