लोंगवा: एकाच घरात दोन देश

डोंगराच्या माथ्यावर हे जे लांबच लांब घर दिसतंय ना, ते लोंगवाच्या आंगचं, म्हणजे कोन्याक नागांच्या वंशपरंपरागत प्रमुखाचं. नागालँडचा मोन जिल्हा. आत बघा, भिंतीवर ओळीने लावलेल्या मिथुनाच्या, म्हणजे इथल्या गव्यासारख्या जनावराच्या कवट्या, चुलीचा धूर, धुराने काळे पडलेले वासे, आणि भारत-म्यानमारची बॉर्डर बरोब्बर या घरातून जाते. ह्या खोलीतून त्या खोलीत गेलं की देश बदलला. आंगला मानणारी गावंही दोन्हीकडे पसरलेली आहेत.

आता ही रेघ आली कुठून? १८२६ मध्ये इंग्रज आणि बर्माचा राजा यांच्यात यांडाबूचा तह झाला, तिथून या भागात सरहद्दी आखायला सुरुवात झाली, पुढे इंग्रज गेले, आणि १९६७ मध्ये दिल्ली आणि रंगून यांनी करार करून सीमा पक्की केली, मग खांब रोवले गेले. हा बघा, १५४ नंबरचा खांब. ह्या सगळ्यात कोन्याकांना कोणी विचारलं? गाव आधीपासून होतं, रेघ नंतर आली.

तरी बरीच वर्षं निभावलं, कारण डोंगरातल्या जमातींना व्हिसाशिवाय पलीकडे जायची मुभा होती, आधी ४० किलोमीटरपर्यंत, २००४ पासून १६. शेत पलीकडे, सोयरीक पलीकडे, बाजार अलीकडे, रोजचं येणंजाणं.

आपल्या संविधानाचं कलम १९ नागरिकाला देशभर कुठेही फिरायचं स्वातंत्र्य देतं, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १३ म्हणतं की कोणताही देश सोडून जायचा हक्क माणसाला आहे. पण दुसऱ्या देशात शिरायचा हक्क? तो त्या कलमात नाहीच. मग सोडून जायचं तरी कुठे? माणूस जन्मतः स्वतंत्र आहे असं आपण शाळेपासून शिकतो, आणि इथे तो कुठल्या खोलीत जन्मला यावर त्याचा पासपोर्ट ठरतो, हे मला तरी कुठल्याच न्यायात बसवता येत नाही. शस्त्रं येतात, ड्रग्ज येतात, हे खरंय, त्यांना पकडायलाच हवं, पण त्यासाठी मामाच्या गावाला निघालेल्या पोराला संशयित कशाला करायचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही मुभाच बंद करायची घोषणा केली, आणि अख्ख्या १६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालायचं ठरवलं. वर्षाअखेरीला नवे नियम आले, आता १० किलोमीटर आणि तेही पास घेऊन. नागालँड आणि मिझोरामच्या विधानसभांनी याच्या विरोधात ठराव केलेत. मणिपूरमध्ये मोरे या सीमेवरच्या गावाजवळ १० किलोमीटर कुंपण तर उभंही राहिलंय.