घोंगडं धुवावं कोजागिरीनंतर

नमस्कार श्रोतेहो.

पितृपंधरवडा संपत आला की नौपाड्यात, कोपरीत, वर्तकनगरात गॅलऱ्यांच्या कठड्यांवर गोधड्या दिसू लागतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं पांघरूण धुवायचं, ही आपली रीत. मीही ती पाळते. चादरी धुवा, गोधड्या धुवा. लोकरीचं घोंगडं मात्र ठाण्यात घटाच्या आधी धुवू नका. ते कोजागिरीनंतर धुवा. का, ते सांगते.

लग्न होऊन मी कोपरीत आले, त्या वर्षीची गोष्ट. सासऱ्यांनी माणदेशातून आणलेलं काळं घोंगडं पावसाळाभर माळ्यावर होतं, त्याला कुबट वास मारत होता. घट दोन दिवसांवर आले होते. मी कढत पाणी काढलं, धुण्याचा सोडा हातात घेतला, आणि शेजारच्या आजी दारात आल्या. आजी आटपाडीकडच्या.

"आगं पोरी, त्यो सोडा ठेव खाली. आन् पानी कोमट कर. कढत पान्यानं लोकर आटती."

मग त्यांनी सुतळी मागितली. घोंगडं जमिनीवर पसरून लांबी मोजली, गाठ मारली. रुंदी मोजली, दुसरी गाठ मारली. हे कशाला, ते मला कळेना. रात्री भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी घंगाळात ओतलं आणि घोंगडं आत बुडवून आम्ही दोघी तळहातांनी दाबत बसलो. चार पाणी बदलली. मी सवयीनं पीळ घालायला गेले तर आजींनी मनगट धरलं. "पिळायचं न्हाई, दाबायचं." श्रोतेहो, एवढं एक लक्षात ठेवा. पिळायचं नाही, दाबायचं.

गच्चीवर खाटेवर आडवं पसर, असं सांगून आजी जेवायला गेल्या. खाट खाली होती, ती वर नेण्याचा मी कंटाळा केला आणि घोंगडं तारेवर टाकलं. तासाभरात पारसिकच्या डोंगराकडून आभाळ काळं झालं आणि सर आली. चार बिऱ्हाडांतल्या बायका गच्चीवर धावल्या. चौघींनी चार टोकं धरली, आणि जिन्यावरून पाण्याच्या धारा लावत आम्ही ते वजन खाली आणलं. सगळ्या जिन्यात ओल्या मेंढराचा वास.

पॅसेजमध्ये पसरून सुतळी लावली, तर घोंगडं हातभर लांब झालेलं. ओल्या लोकरीला तारेवर स्वतःचाच भार सोसत नाही. मला रडू यायचं बाकी होतं. आजी एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. चार बाजूंना चौघी बसवल्या आणि ओलं आहे तोवर थोपटत थोपटत, कडा आत सरकवत, सुतळीच्या गाठींपर्यंत ते परत आणलं. मग दोन खाटा जोडून त्यावर पसरलं. घट बसले, पहिली माळ झाली, दुसरी झाली, येणारा-जाणारा अंग चोरून जात होता आणि आमचं खरोखरचं भिजत घोंगडं पॅसेजमध्ये तसंच. चौथ्या दिवशी वाळलं. माप गाठीला गाठ जुळलं, पण अंग लुळं पडलेलं. "खळ गेली, दुसरं काय न्हाई," आजी म्हणाल्या. घोंगडी विणणारे सनगर चिंचोक्याची खळ देतात, तिचा तो ताठरपणा. ती पाण्यात जाते. लोकर होती तशीच असते.

त्या दिवशी गच्ची उघडी होती म्हणून निभावलं. आता घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या इमारतींत गच्चीला कुलूप आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी. मला हे पटत नाही. गच्ची ही प्रत्येक घराची एक खोली आहे. वाळवणं, पापड, पांघरुणं यांना ऊन कुठून द्यायचं? सोसायटीच्या बैठकीत हा विषय आवर्जून काढा.

तर, लोकर का आटते? तिच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. म्हणून पाणी कोमट, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच. एन्झाइमवाली पावडर नको, ती डागातली प्रथिनं तोडते आणि लोकरही प्रथिनच आहे. ब्लीच तर मुळीच नको. दुकानातलं ब्लँकेट लोकरीचं आहे का, अशी शंका असेल तर एक धागा जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर ते कृत्रिम, त्याला एवढे लाड नकोत. कसर लागते ती बहुतेक घामट, डाग पडलेल्या लोकरीला, म्हणून मळकं घोंगडं तसंच घडी करून ठेवू नका.

पण दरवर्षी धुवायची गरजही नाही. एरवी ऊन दाखवून झटकलं तरी पुरतं. धुवायचंच असेल तेव्हा आधी सुतळीने माप घ्या, आणि पाऊस नक्की गेल्यावर, कोजागिरीनंतर धुवा. घटाच्या दिवसांत आपल्याकडे सरी येतातच, आणि खाडीकाठच्या दमट हवेत लोकर वाळता वाळत नाही. खाटेवर आडवं पसरा, दोन-तीन दिवस उलटंपालटं करा. घडी घालण्याआधी मधोमध तळहात ठेवून बघा. गार लागलं, तर अजून एक दिवस.