व्हेगसचा लगाम

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्यांची लय तो ठरवतो. त्याला बाहेरून कुणी काही सांगितलंच नाही, तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या चेता (नर्व्ह) तुटलेल्या असतात, म्हणून नुसतं बसलं तरी त्याची गती ९०-१००च्या घरात राहते. मग इथे बसलेल्या तुमची नाडी सत्तर कशी? व्हेगस ही चेता सतत लगाम खेचून असते म्हणून. व्हेगस स्वायत्त चेतासंस्थेच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रणेच्या, शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी शाखेतली.

जिना चढायला लागलात की आधी हा लगाम सैल होतो, एखाद-दुसऱ्या ठोक्यातच. शंभरच्या पुढची चढण मुख्यतः त्याच संस्थेच्या दुसऱ्या, वेग वाढवणाऱ्या अनुकंपी शाखेची. तिला काही सेकंद लागतात आणि ओसरायलाही ती वेळ घेते. म्हणून व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी जी उतरते, ती बहुतांशी व्हेगस परत आल्यामुळे. किती वेगाने धावता यापेक्षा नाडी किती चटकन उतरते हे मला जास्त सांगून जातं.

मोजायचं असं: चांगला दम लागल्यावर वेग एकदम कमी करा, पण हळू चालत राहा. लगेच १० सेकंद नाडी मोजून सहाने गुणा. मिनिट झालं की पुन्हा तसंच. पूर्ण ताकदीच्या ट्रेडमिल चाचणीनंतर, हळू चालत असताना, या दोन आकड्यांतली घट १२ किंवा त्याहून कमी आली तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. बोटांनी मोजताना एक ठोका चुकला की हिशेबात सहाचा फरक पडतो, म्हणून ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर उत्तम. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. कमी झोप, ताप, मद्य, सगळं त्यात उतरतं.

चालत राहा म्हणालो, त्याला कारण आहे. पायांच्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलत असतात. जागच्या जागी थांबलात की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ५ ते १० मिनिटं हळू चालणं एवढ्यासाठीच. इतकं साधं काम, आणि वेळ नाही म्हणून हेच आधी गाळलं जातं!

आता मनगटावर बोटं ठेवा. ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. पुष्कळजण हे जाणवून घाबरतात, पण श्वासाबरोबरचा हा चढउतार निरोगी आहे. श्वास सोडताना व्हेगसची पकड घट्ट होते, इतकंच. चूक होते ती इथे: सावकाश श्वास घ्या म्हटलं की लोक मोठे श्वास घेतात. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. छाती फुगवू नका. नेहमीएवढीच हवा, फक्त संथ.

बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांना किंवा ठोके अनियमित असणाऱ्यांना वरचे आकडे लागू नाहीत. व्यायामात छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर नाडी मोजत बसू नका. थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.