फासे सरळ, तिजोरी रिकामी

मघाशी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की मी 'ऑनलाइन कॅसिनोत कसं जिंकावं' यावर बोलणार आहे. ते मला ठाऊक असतं तर मी इथे फुकट बोलायला आलो असतो का? विषय वेगळा आहे. खेळायचंच असेल, तर पैसे टाकण्याआधी तो कॅसिनो तपासायचा कसा? जुगारावर मराठीत बोलताना शकुनीचं नाव घ्यावंच लागतं. घेतलं, पुढे जाऊ.

एक गोष्ट मात्र आधी. तुम्ही राहता तिथे हा खेळ कायद्याने बंद असेल, तर मी पुढे सांगणार ते सगळं गैरलागू आहे. फसलात तर दाद कुणाकडे मागणार?

आता माझी लाडकी गोष्ट. ती सुरू झाली की घरचे उठून आत जातात. तुम्हाला दाराशी बसलेल्या कार्यकर्त्यांमुळे तशी सोय नाही.

साल 1999. इंटरनेटवरचा पोकर, म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, तेव्हा बाळसं धरत होता. एएसएफ सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने बनवलेला खेळ त्यातल्या काही साइट वापरत. खेळणाऱ्यांना साहजिक शंका, की पडद्याआड पानं खरंच पिसली जातात का? तेव्हा विश्वास बसावा म्हणून पिसण्याची रीत चक्क जाहीर करण्यात आली. बघा, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. ती रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजमधल्या काही संगणकतज्ज्ञांनी वाचली. कंपनीच्या दुर्दैवाने नीट वाचली.

52 पानांचा कॅट किती तऱ्हांनी लागू शकतो? 8 लिहा आणि पुढे 67 शून्यं देत बसा, साधारण तेवढ्या. पण संगणकाला स्वतःहून 'काहीही' सुचत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला बीज म्हणतात. इथे ते 32 बिटांचं होतं. म्हणजे पानं फार तर 429 कोटी तऱ्हांनी लागणार. आता हे बीज आणलं कुठून? घड्याळातून! मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद उलटले, तो आकडा. दिवसभरात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. 67 शून्यांचा डोंगर इथवर खाली आला. मग या मंडळींनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं, तेव्हा उरल्या सुमारे 2 लाख शक्यता. हातातली दोन पानं आणि टेबलावर उघडलेली तीन, अशी पाच पानं दिसली की त्यातला नेमका क्रम सापडे. समोरच्यांच्या हातात काय आहे आणि पुढचं पान कोणतं, सगळं उघडं. साध्या घरगुती संगणकावर!

थांबा, अजून आहे. पिसताना एकेका पानाची अदलाबदल कितव्या जागेवरच्या पानाशी करायची, तो आकडा 1 ते 52 मधून निवडायच्या ऐवजी 1 ते 51 मधून निवडला जात होता. त्यामुळे मुळात तळाला असलेलं पान पिसल्यावर तळाला राहणं अशक्यच होतं. अशी चूक मीही केली आहे, पण मी ती कुणाला अभिमानाने वाचायला दिली नव्हती.

मला ही गोष्ट आवडते, कारण यात लबाड कुणीच नाही. तरी खेळ न्याय्य नव्हता. आणि हे कळलं, कारण रीत उघड्यावर होती. म्हणून 'आमचा रँडम नंबर जनरेटर', म्हणजे आकडे निवडणारी यंत्रणा, 'सुरक्षित आहे' एवढंच वाक्य वाचलं की मी विचारतो, तपासला कुणी?

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ठरलेला विषय अजून सुरूच व्हायचा आहे, तेव्हा आता पळतो.

खेळ सरळ असणं आणि पैसा सुरक्षित असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फुल टिल्ट पोकर या ऑनलाइन पोकर साइटचं उदाहरण घ्या. 2011 च्या मार्चअखेर ही कंपनी खेळाडूंचं सुमारे 39 कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते साधारण 6 कोटी. तिच्याकडे परवानाही होता. गडबड पत्त्यांत नव्हती, खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेच नव्हते. म्हणून अटींमध्ये 'खेळाडूंचा निधी' हा भाग शोधा. कंपनी बुडाली तर तुमच्या शिलकेचं काय होणार, ते तिथे लिहिलेलं असायला हवं.

परवान्याचा शिक्का हे चित्र असतं, कुणीही चिकटवू शकतं. परवाना क्रमांक घ्या आणि ब्रिटनचं गॅम्बलिंग कमिशन किंवा माल्टाची गेमिंग अथॉरिटी, ज्यांचं नाव सांगितलं असेल त्यांच्याच नोंदवहीत शोधा. तिथे साइटचा पत्ताही जुळला पाहिजे, अक्षर न् अक्षर. ई-कोग्रा, जीएलआय अशा चाचणीसंस्थांच्या शिक्क्यांचंही तेच. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप एवढंच सांगतं, की वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे चोर बसला असेल, तर त्याच्याशी तुमचं बोलणं अगदी खाजगी होतं.

न्याय्य खेळात तुम्ही जिंकता असं नाही, ठरल्या दराने हरता. रूलेट म्हणजे फिरत्या चाकाचा खेळ. 37 खणांच्या रूलेटमध्ये घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा पैजेच्या सरासरी 2.7 टक्के. दोन शून्यांचं, 38 खणांचं असेल तर 5.26. स्लॉटचा, म्हणजे चित्रं फिरवणाऱ्या यंत्राचा, परतावा त्या खेळाच्याच माहितीपानावर बघा, कारण एकच खेळ वेगवेगळ्या परताव्याचा मिळतो.

बोनस: 100 मिळाले, पण काढण्याआधी त्याच्या 35 पट पैजा लावायची अट. म्हणजे 3,500 ची खेळी. घराचा वाटा 4 टक्के धरला तर सरासरी 140 जाणार. 100 मिळवायला!

पैसे काढण्याची मर्यादा, मुदत आणि कागदपत्रं आधी वाचा. मी एकदा अभ्यासासाठी खातं काढलं. थोडे जिंकलो, काढायला गेलो, तर नावातला एक काना ओळखपत्राशी जुळेना. भरताना मात्र तो कुणाला खटकला नव्हता. तेव्हापासून मी आधी किरकोळ रक्कम भरून, ती परत काढून बघतो.

दुसरी चिठ्ठी. 'प्रूव्हेबली फेअर', म्हणजे डाव सरळ होता हे सिद्ध करता येईल असा दावा, राहिलंच. तिथे साइट बीजाचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला पण उलट न उलगडणारा ठसा, आधी देते आणि बीज नंतर उघड करते, त्यामुळे डाव तुम्हाला स्वतः पडताळता येतो. घराचा वाटा किती, तिजोरीत काय, हे त्यातून कळत नाही. बाकीचं जिन्यात विचारा, दिवे घालवताहेत.